हस्की, शेफर्ड की लॅब्रॅडॉर?

पत्राचा सारांश: वाचक ताईंच्या घरी चार माणसं आहेत. त्या, त्यांचे मिस्टर, नऊ वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. मुलीने वर्षभर कुत्र्यासाठी हट्ट धरला आणि आता आईवडील दोघंही तयार झाले आहेत. घोडं अडलंय ते जातीवर. मुलीला निळ्या डोळ्यांचा हस्की हवाय. मिस्टरांना जर्मन शेफर्ड हवा, म्हणजे घर राखलं जाईल. मैत्रिणी सांगतात लॅब्रॅडॉरच आणा, तो कधी चावत नाही. सासूबाईंना लहानपणी कुत्रा चावला होता. त्या ‘तुम्हाला हवं ते करा’ एवढंच म्हणतात. घर दोन खोल्यांचं, वरच्या मजल्यावर. नवरा-बायको सकाळी नऊला बाहेर पडतात, संध्याकाळी सहाला परततात. ताई विचारतात, मुलांना न चावणारी, घर राखणारी, दिवसभर एकटी राहू शकणारी आणि केस न गाळणारी जात कुठली?

प्रिय ताई,

हे चारही गुण एकत्र असलेली जात नाही, हे आधीच सांगून टाकते. पण तुमच्या घरात सुखाने नांदेल असा कुत्रा मिळू शकतो. त्यासाठी जातीचं नाव थोडं बाजूला ठेवून ती जात मुळात कुठल्या कामासाठी तयार झाली, हे आधी बघू या. त्याने निम्मा गोंधळ मिटेल. उरलेला निम्मा तुमच्या घराच्या दिनक्रमात आहे.

माणूस आणि कुत्रा निदान चौदा-पंधरा हजार वर्षं एकत्र राहताहेत. पण आज ज्यांना आपण जाती म्हणतो, त्यांतल्या बहुतेकींना आजचं रूप मिळालं ते एकोणिसाव्या शतकात किंवा त्यानंतर. १८५९ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं, १८७३ मध्ये केनेल क्लब स्थापन झाला, वंशावळीच्या नोंदी सुरू झाल्या आणि कान कसे हवेत, शेपूट कशी हवी याचे नियम ठरले. त्याआधी कुत्रा ओळखला जायचा तो कामावरून. हा मेंढ्या वळतो, हा पाण्यातून पक्षी आणतो, हा बिळात शिरतो. प्रदर्शनांनी रूप घोटून घोटून पक्कं केलं, पण जुन्या कामाची ओढ बऱ्याच जातींत आत शिल्लक राहिली. आपण डोळ्यांचा रंग बघून पिल्लू घरी आणतो आणि त्याच्याबरोबर ती ओढही घरात येते.

तुमच्या लेकीच्या हस्कीपासून सुरुवात करू. सायबेरियाच्या ईशान्य टोकाला राहणाऱ्या चुक्ची लोकांनी हा कुत्रा जोपासला तो हलकं ओझं घेऊन बर्फावरून लांबच लांब धावण्यासाठी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो अलास्कात गेला. १९२५ च्या कडाक्याच्या थंडीत तिथल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा कुत्र्यांच्या गाड्यांनी टप्प्याटप्प्याने एक हजार किलोमीटरहून जास्त अंतर साडेपाच दिवसांत तोडून औषध पोचवलं. धावणं हा त्याचा स्वभावच आहे. आता तोच कुत्रा दोन खोल्यांत नऊ तास कोंडलेला डोळ्यांसमोर आणा. तो सोफा कुरतडेल, दार ओरबाडेल, आणि हस्की भुंकण्यापेक्षा हेल काढून रडतात, ते चार घरांपलीकडे ऐकू जातं. उघडं दार दिसलं की पळायचं, हेही आलंच. शिवाय अंगावर केसांचे दोन थर. आतला दाट थर वर्षातून साधारण दोनदा पुंजक्यांनी गळतो, आणि उकाडा त्याला सोसत नाही. माणसांशी मात्र तो इतका प्रेमळ असतो की अनोळखी माणसाचंही स्वागत करेल. म्हणजे मिस्टरांची राखणही नाही. लेकीला वाईट वाटेल, पण हस्कीला तुमच्या घरी त्याहून वाईट वाटेल. नोमची ही गोष्ट तिला सांगा. नऊ वर्षांच्या मुलीला ती नक्की समजेल.

जर्मन शेफर्डचं तसं नाही. १८९९ मध्ये माक्स फॉन श्टेफानित्स या घोडदळातल्या अधिकाऱ्याने कार्ल्सरूहच्या प्रदर्शनात एक मेंढपाळ कुत्रा पाहिला, तिथेच विकत घेतला आणि त्याच वर्षी या जातीची संस्था काढली. तिकडच्या मेंढपाळांना कुत्रा लागायचा तो चरणारा कळप आणि शेजारचं पीक यांच्या मधल्या हद्दीवर दिवसभर येरझाऱ्या घालायला. मेंढी हद्द ओलांडू लागली की तिला परत आत लोटायचं. मालकाकडे सतत लक्ष, चटकन शिकणं आणि कोण आत आलं, कोण बाहेर गेलं याचं भान, या गुणांमुळे पुढे पोलिसांनी आणि सैन्याने त्याला उचललं. पहिल्या महायुद्धात अंध झालेल्या सैनिकांचा वाटाड्या म्हणूनही जर्मनीत त्याला शिकवलं गेलं. एवढा हुशार कुत्रा कुणालाही आवडेल. पण त्याला रोज काम लागतं, आणि आपण दिलं नाही तर तो स्वतः शोधतो. जिन्यावरचं प्रत्येक पाऊल, दाराची प्रत्येक घंटा, खेळताना पळणारी प्रत्येक मैत्रीण हे सगळं त्याच्या हद्दीत येतं. रोज दोन तास देणारा आणि शिकवण्याची आवड असणारा माणूस घरात असेल तर शेफर्ड सोनं आहे. तुमच्या पत्रात असा माणूस मला दिसला नाही. मिस्टरांना विचारा, सकाळी सहाला पट्टा हातात घेऊन कोण निघणार? त्यांचं उत्तर ‘बघू’ असं असेल तर शेफर्ड नको.

राखणीबद्दलही एक सांगायचंय. वरच्या मजल्यावरच्या घराला बहुतेक वेळा भुंकून वर्दी देणारा कुत्रा पुरतो, आणि ते काम बहुतेक कुत्रे करतात, लहान-मोठे कसेही. डॉबरमनची गोष्ट वेगळी. जर्मनीतल्या अपोल्डा गावात कर गोळा करणाऱ्या कार्ल फ्रीडरिश लुई डॉबरमनने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो मुद्दाम रक्षणासाठी तयार केला. असा कुत्रा नीट शिकवला तर उत्तम सोबती होतो. पण अनोळखी माणूस म्हणजे धोका, हे कुत्र्याने आपल्या आपण ठरवायचं, ही जबाबदारी ज्या घरात मुलीच्या मैत्रिणी येतात-जातात तिथे कशाला घ्यायची?

मैत्रिणींचा लॅब्रॅडॉर या तिघांत तुमच्या घराच्या सर्वांत जवळ आहे, पण त्यांनी सांगितलेल्या कारणासाठी नाही. लॅबचे पूर्वज न्यूफाउंडलंड बेटावरचे. तिथल्या मच्छीमारांबरोबर ते पाण्यात उतरून जाळी आणि सुटलेली मासळी ओढून आणत. एकोणिसाव्या शतकात ते ब्रिटनमध्ये आले आणि शिकाऱ्यांनी त्यांना पाडलेला पक्षी आणून द्यायला शिकवलं. गोल्डन रिट्रीव्हरही त्याच कामाचा. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात डडली मार्जोरीबँक्स यांनी १८६८ मध्ये पिवळा रिट्रीव्हर कुत्रा आणि पाण्यात पटाईत असलेली स्पॅनियल कुत्री यांची पिल्लं घेतली, तिथून ही जात सुरू झाली. या कामाला काय लागतं बघा. बंदुकीच्या आवाजाला दचकायचं नाही, इतर कुत्र्यांबरोबर आणि अनोळखी माणसांमध्ये शांत बसायचं, पक्षी दात न रुतवता अलगद तोंडात धरायचा आणि स्वतः न खाता माणसाच्या हातात द्यायचा. पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या इशाऱ्याकडे बघत काम केलेला कुत्रा घरातही माणसाकडे बघतो. म्हणून तो शिकवायला सोपा.

‘कधी चावत नाही’ हे मात्र खोटं आहे. कुठल्याही जातीबद्दल ते खोटं असतं. लॅबला दुखलं, तो घाबरला, कोपऱ्यात सापडला, ताटलीतलं कुणी ओढलं, तर तोही दात लावेल. त्यात तो २५ ते ३५ किलोंचा, पहिली दोन वर्षं अंगाने मोठा आणि डोक्याने पिल्लू. प्रेमाने मारलेली उडीही सासूबाईंना पाडू शकते. त्याच्या भुकेबद्दलही ऐकून ठेवा. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की बऱ्याच लॅबमध्ये, साधारण चारातल्या एकात, भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडाच गहाळ असतो, आणि असे लॅब खाण्यामागे जास्त असतात. त्यामुळे तो खाऊसाठी पटापट शिकतो, आणि त्यामुळेच पटापट लठ्ठही होतो. केस गाळण्यात तर तो कुणाला हार जाणार नाही.

या तिघांपलीकडे बघायचं झालं तर माझ्या मते एक फरक सगळ्यांत उपयोगी पडतो. काही कुत्रे माणसाकडे बघून काम करायचे, काही माणसापासून दूर, स्वतःच्या अकलेने. रिट्रीव्हर, मेंढ्या वळणारे कुत्रे, स्पॅनियल हे पहिल्या गटातले. बीगल सशाच्या वासामागे नाक खाली घालून जायचा, मालकाने मागून यायचं. त्याला हाक मारली तर ऐकू येते, पण वास जास्त मोठ्याने बोलावतो. डॅक्सहुंड बिज्जूच्या बिळात एकटाच उतरायचा. तिथे त्याला हुकूम द्यायला कोण असणार? टेरियरही तसेच. डोंगरात रात्रभर कळप राखणारे मोठे कुत्रे लांडगा आला तर मालकाला विचारायला जात नसत. हे सगळे चांगले कुत्रे आहेत, पण ते ‘ऐकत नाहीत’ अशी तक्रार करणं म्हणजे त्यांच्या मूळ गुणालाच दोष लावणं. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याने शक्यतो पहिल्या गटात राहावं. त्यातही बॉर्डर कोली टाळा. सर्वांत हुशार म्हणून त्याचं नाव घेतलं जातं, पण काम नसलेला कोली मुलांनाच मेंढ्यांसारखं वळू लागतो, टाचांना दात लावतो.

आकारानेही फसू नका. ग्रेहाउंड ताशी साठ-पासष्ट किलोमीटरच्या वेगाने धावतो आणि घरी आल्यावर दिवसाचा बराच भाग झोपून काढतो. लहानसा जॅक रसेल टेरियर मात्र दिवसभर पायात स्प्रिंग लावल्यासारखा असतो. पग आणि फ्रेंच बुलडॉग लहान घरात मावतात, स्वभावानेही गोड असतात, पण त्यांचं नाक इतकं चपटं केलं गेलंय की अनेकांना श्वासच नीट घेता येत नाही. कुत्रा अंग थंड करतो ते मुख्यतः धापा टाकून, आणि यांना तेच जमत नाही. ते घोरतात म्हणून आपण हसतो, पण ती बऱ्याचदा त्रासाची खूण असते. मी या दोन्ही जाती सुचवत नाही. केस न गाळणारा हवा असेल तर पूडल आहे. तोही मुळात पाण्यातून पक्षी आणणारा, शिकायला तयार. पण त्याचे केस वाढतच राहतात, दर काही आठवड्यांनी कापावे लागतात. आणि घरात कुणाला कुत्र्याची ॲलर्जी असेल तर केस न गाळणारा कुत्रा हा उपाय नाही. ॲलर्जी येते ती लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांमुळे, आणि ती प्रत्येक कुत्र्यात असतात.

आता या सगळ्याला एक मोठी मर्यादा. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना आपल्या कुत्र्याच्या वागण्याबद्दल प्रश्न विचारले होते आणि त्यांतल्या २ हजारांहून जास्त कुत्र्यांची जनुकं तपासली होती. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक पडतो, त्यातला सरासरी फक्त ९ टक्के जातीमुळे, असं त्यात दिसलं. सांगितलेलं ऐकण्याची तयारी यात जातींमध्ये तुलनेने जास्त फरक होता. पण कुत्रा किती पटकन चिडतो, हे जातीवरून जवळजवळ सांगताच येत नव्हतं. तुमची खरी काळजी तीच आहे ना? मूल सुरक्षित राहील का, ही? त्याचं उत्तर जातीच्या नावात मिळत नाही. समोरच्या एका कुत्र्याकडे बघूनच ते मिळतं.

त्या एका कुत्र्याचा स्वभाव ठरतो तो आईबापांच्या स्वभावावर आणि बालपणावर. साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात पिल्लू जगाशी ओळख करून घेतं. त्या काळात ज्याने माणसं, मुलं, घरातले आवाज पाहिलेच नाहीत, तो पुढे त्यांना भिण्याची शक्यता जास्त. म्हणून पिल्लू ब्रीडरकडून घेणार असाल तर पिल्लाच्या आईला तिच्या राहत्या जागी बघा. ती तुमच्याजवळ येते का, की दबून मागे सरते? आई दाखवायला टाळाटाळ झाली किंवा आठ आठवड्यांच्या आधीच पिल्लू देऊ केलं, तर तिथून निघा. खुब्याच्या सांध्याची तपासणी झाली आहे का, हेही लॅब आणि शेफर्डच्या बाबतीत विचाराच.

पण ताई, माझं मत विचाराल तर तुम्ही पिल्लू घेऊच नये. पिल्लाला दर दोन तासांनी बाहेर न्यावं लागतं, ते सगळं चावून बघतं, आणि नऊ तास एकटं ठेवणं त्याच्यावर अन्याय आहे. प्रौढ कुत्र्यालासुद्धा सलग चार तासांहून जास्त एकटं ठेवू नये, असं प्राणीकल्याण संस्था सांगतात. सासूबाई घरी असतात म्हणून तो एकटा नाही, असं मनात आलं असेल. इथेच मला थांबून तुम्हाला विचारायचंय. त्यांचं ‘तुम्हाला हवं ते करा’ हे तुम्ही होकार म्हणून मोजलंय का? ज्यांना कुत्रा चावला होता, त्यांच्यासोबत दिवसाचे नऊ तास कोण राहणार आहे, याचा निर्णय त्यांना वगळून झाला आहे. कुत्र्याला माणसाची भीती कळते, ताठरलेलं अंग आणि रोखलेली नजर त्याला अस्वस्थ करते. दोघंही दिवसभर एकमेकांना बिचकून राहिले तर ते कुणासाठीच बरं नाही.

त्यांच्याशी आधी बोला, आणि मुलीसमोर नाही, म्हणजे त्यांना नाही म्हणायची मोकळीक राहील. ओळखीच्या कुणाकडे शांत, वयस्कर कुत्रा असेल तर त्यांना घेऊन जा. त्यांनी लांब बसावं, कुत्र्याने पट्ट्यात राहावं, कुणीही ‘हात लावा ना’ म्हणू नये. असं काही वेळा झाल्यावर त्या काय म्हणतात ते ऐका. त्यांची खोली कुत्र्याला कायम बंद राहील, दाराला लहान मुलांसाठी लावतात तसं फाटक बसवू, हे कबूल करा आणि पाळा. एवढं करूनही त्या नको म्हणाल्या तर कुत्रा आत्ता नको. लेकीला ओळखीच्यांच्या कुत्र्याला फिरवायला नेता येईल, प्राणीसंस्थेत मदतीला जाता येईल.

त्या तयार झाल्या, तर निवारा केंद्रातला किंवा कुणी घर बदलताना देऊ केलेला, तीन ते सहा वर्षांचा कुत्रा बघा. लॅब, गोल्डन किंवा मिश्र जातीचा, कसाही. मिश्र कुत्र्याच्या रूपावरून त्यात कुठली जात आहे याचा अंदाज बऱ्याचदा चुकतो, त्यामुळे त्याच्या पाटीवर काय लिहिलंय यावर विसंबू नका. प्रौढ कुत्रा घेण्याचा फायदा असा की त्याचा स्वभाव आधीच दिसतो. तो मुलांच्या घरात राहिला होता का, एकटा राहतो का, ताटलीजवळ कुणी आलं तर काय करतो, हे सांभाळणाऱ्यांना विचारता येतं. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी, सगळ्या कुटुंबाने जा. मुलगी शांत बसल्यावर तो आपणहून तिच्याजवळ येतो का बघा. अंग सैल, तोंड किंचित उघडं असेल तर छान. शेपूट हलतेय पण अंग ताठ, ओठ चाटतोय, जांभया देतोय, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतोय, तर तो अवघडलाय. काही दिवस तात्पुरतं सांभाळायला देत असतील तर ती संधी सोडू नका.

दुपारी कुणीतरी येऊन त्याला बाहेर नेईल, ही सोय कुत्रा आणण्याआधी पक्की करा. ते सासूबाईंचं काम धरू नका. मुलीवर प्रेमाची कामं सोपवा, पाणी भरणं, विंचरणं, तुमच्यासमोर शिकवणं. त्याची जबाबदारी मात्र मोठ्यांचीच. तीन ते सहा वर्षांचा आणलेला कुत्रा बारा वर्षांचा होईल तेव्हा ती पंधरा ते अठरा वर्षांची असेल आणि कदाचित घरात नसेलही. तिला तीन नियम पाठ करायला लावा: खाताना आणि झोपेत त्याला हात लावायचा नाही, मिठी मारायची नाही, तो उठून गेला की मागे जायचं नाही. मुलांना चावणारा कुत्रा बहुधा ओळखीचाच असतो, आणि चावण्याआधी त्याने बऱ्याचदा खुणा दिलेल्या असतात. तो गुरगुरला तर रागावू नका. गुरगुरणं ही त्याची सूचना आहे, ती मार देऊन बंद केली तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावेल. सुरुवातीचे काही महिने मुलगी आणि कुत्रा खोलीत असताना एक मोठं माणूस तिथे हवंच. आणि कुठल्याही कुत्र्याचा दात लागला, घरच्या का असेना, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन लगेच डॉक्टरांकडे जायचं.

दोघांपैकी एकाला दोन-तीन आठवडे सुट्टी मिळेल तेव्हाच त्याला आणा. त्या काळात त्याला एकटं राहायची सवय मिनिटांनी लावा. आधी पाच मिनिटं दाराबाहेर, मग दहा, मग अर्धा तास. कुत्रा ज्यांच्याकडून घ्याल त्यांना सही करण्याआधीच विचारून ठेवा, की आमच्याकडे जमलं नाही तर तुम्ही त्याला परत घ्याल का? चांगल्या संस्था हो म्हणतात. बऱ्याच संस्था तर तशी अटच लेखी घालतात.